माहेरच्या पातळावरचं ग्रीस

आत्याबाई, सुतक अजून फिटलेलं नाही, तरी आज सकाळी गयाबाईंची सून आपल्या दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत आली नाही. हातात नवऱ्याचा पांढरा सदरा, पोटावर तेलाचा मोठा डाग. मला वाटलं, सुतकाच्या घरी धुणं घेऊन आली की काय. तीच आधी म्हणाली, "काकू, धुवायला न्हाई आणला, नुसतं इचारायला आले. ह्ये ग्रीस न्हाई, भज्याचं तेल हाय. याला बी आदी गोडंतेल लावायचं का डायरेक पीठ?"

माझं डोकं फिरलं. "तुला शिकीवलंय ना आत्याबाईंनी? शेजारी बसवून शिकीवलंय. मला कावून इचारतीस? मला कुणी शिकीवलं?"

"त्या न्हाईत म्हणूनच तुमाला इचारते की, काकू."

"डायरेक पीठ," मी म्हणाले आणि दार लोटून घेतलं. दाराला पाठ लावून रडले. ती बराच वेळ बाहेर उभी होती, बांगड्यांचा आवाज येत होता. मग गेली.

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायचं असतं, असं सगळे सांगतात. तुम्हीही सांगितलं असतं. पण मी जुन्या कपड्यांवर भांडी विकून पुढं आलेली बाई आहे. पातेल्याला टवका असेल तर तो आधी बोटानं दाखवून मग भाव बोलायचा, हे मी बाजारात शिकले. म्हणून आधी टवका. आत्याबाई, सासू असून तुम्ही मला या घरात सगळं दिलंत. किल्ल्या दिल्यात, धान्याची कोठी दिलीत, स्वतःच्या कानातलं काढून मला दुकानाच्या भांडवलाला दिलंत. पण एक डाग माझ्या हातात दिला नाहीत. इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत माझ्या टोपल्यातून कपड्यांचे ढीग घरात आले, आणि डाग दिसला की तुम्ही ते कापड माझ्या हातातून काढून घ्यायचात. "तुजा हात तापट हाय," म्हणायचात. "तू चोळतीस."

हे मी विसरलेले नाही. तुम्ही गेलात म्हणून विसरेन, असंही नाही.

मी लग्न होऊन तलवाड्यात आले तेव्हा आपल्याकडं कोरडवाहू तुकडा होता आणि खाणारी तोंडं जास्त. तुमचा लेक गरीब स्वभावाचा. बाजारात गेला की पहिला भाव मान्य करून परत यायचा. एक दिवस कपड्यांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली. तुम्ही तिला पेटीतलं चांगलं पातळ दिलंत आणि तिनं तुमच्या हातावर हळदीकुंकवाची डबी ठेवली. मी चुलीपुढून उठून आले. नवी सून, डोक्यावर पदर, पण मला राहवेना. ते पातळ मी तिच्यापुढं पसरलं. काठ दाखवला, जर दाखवली. तिची डबी वाजवून दाखवली, तळ किती पातळ आहे ते. शेवटी ती बाई पातेलं आणि वर दोन वाट्या ठेवून उठली आणि मला म्हणाली, "पोरी, तू या धंद्यात येऊ नको. माजं पोट मारशील."

तुम्ही पातेल्यात तोंड पाहिल्यासारखं पाहिलंत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुज्या जिभंला दात हायेत गं, शोभा." आणि पातेलं फळीवर सगळ्यात पुढं ठेवलंत.

त्यानंतर मी धंद्यात उतरले. डोक्यावर टोपलं, टोपल्यात डबे, ताटं, तांबे. एक गाव सकाळी, एक दुपारी. शेतकऱ्याच्या घरची सून गल्लोगल्ली ओरडत फिरते म्हणून भावकीत नाकं मुरडली. तुमचे भाऊ आष्टीकडून मुद्दाम आले. मी आत धान्य निवडत होते, सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "अक्का, तुज्या सुनंनं डोस्क्यावर टोपलं घेऊन आमची मान खाली घातली."

तुम्ही म्हणालात, "टोपलं तिच्या डोस्क्यावर हाय. तुज्या मानंला कावून रग लागली?"

मामा चहा न घेता गेले. तुम्ही आत आलात. सूप उचललंत आणि माझ्यासमोर बसून निवडायला लागलात. त्या एका वाक्यावर मी किती गावं फिरले, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण आपल्या घरात भांडायला वेळ असायचा, असलं बोलायला नसायचा.

कपडे घरी आले की खरी लढाई. आपल्या भागातले कपडे कसले असायचे ते काय सांगू. ट्रॅक्टरचं ग्रीस, विहिरीच्या मोटारीचं ऑइल, बैलगाडीच्या आसाचं वंगण, लग्नातल्या आमटीची तर्री. गेवराईच्या बाजारात जुना कपडा घ्यायला येणारा माणूस आधी डाग शोधतो. सापडला की त्याच्या तोंडावर हसू येतं, कारण आता बोलायचं काम त्याचं आणि ऐकायचं माझं. मला तेच सहन व्हायचं नाही. म्हणून मी घरी येऊन डागावर तुटून पडायचे. रॉकेल ओतायचं, ब्रश घ्यायचा, दगडावर आपटायचं, चोळ चोळ चोळायचं. काळा ठिपका बघता बघता भाकरीएवढा व्हायचा.

तुम्ही येऊन मनगट धरायचात.

"सोड."

"सोडू कशाला? निघत आलाय."

"निघत न्हाई आला. पसरत आलाय. तू त्येला भ्या दावलं, त्यो आत शिरला."

"डागाला काय जीव हाय का भ्यायला?"

"तुला हाय ना? मग गप बस जरा."

तुमची पद्धत मी शेजारी बसून नाही, लांब उभी राहून, रागानं बघत शिकले. ग्रीस ताजं असेल तर आधी चमच्याच्या मागच्या कडेनं वरचं वर खरवडून घ्यायचं, दाबायचं नाही. मग जुन्या धोतराचा तुकडा चार पदरी करून डागाखाली ठेवायचा. मग डागावर गोडंतेल, बोटाच्या टोकानं, कडेकडून आत. यावर आपलं पहिलं मोठं भांडण झालं होतं. मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले होते, "तेलाच्या डागावर तेल घालतं का कुणी? दुनिया हसंल!"

तुम्ही बोट न थांबवता म्हणालात, "ग्रीस म्हंजी काय हाय? घट्ट झालेलं तेलच की. त्येला पातळ तेलाची सोबत दिली की ते सैल होतं. तुज्या रॉकेलनं पळतंय, पर पळून कुठं जातंय ते तुला ठावं हाय का?"

मग कापड उलटं करून मागून हलकं टिपायचं, म्हणजे काळं खालच्या धोतरात उतरतं. धोतराची घडी बदलत राहायची. काळं यायचं थांबलं की चाळलेलं ज्वारीचं पीठ वर पसरायचं आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. मला तेच जमत नव्हतं, आत्याबाई. ते बसणं. पीठ तेल पितं तोवर तुम्ही समोरच्या भिंतीकडं बघत बसायचात, जसं काही भिंतीवर कुणी काही सांगतंय. पीठ जड झालं की झटकायचं, हवं तर पुन्हा घालायचं. मग भांड्याचा साबण, गार पाणी, आणि पुन्हा तेच हलकं टिपणं. डाग पुरता जाईपर्यंत कापडाला ऊन नाही, इस्त्री तर नाहीच. "ऊब लागली की त्यो घर बांदतो," म्हणायचात. टेरिकॉटवर तुमचा लई राग. सूत तेल सोडतं, टेरिकॉट धरून ठेवतं, म्हणून टेरिकॉटचा सदरा हातात आला की तुम्ही विणणाऱ्याला शिव्या द्यायचात.

तुमच्या हातचा कपडा मी बाजारात नेला की भाव मी म्हणेन तो. तिथं मी नाक वर करून उभी राहायचे. लोकांना वाटायचं, शोभाबाईला माल ओळखता येतो. माल तुम्ही करत होतात. हे मी तुमच्यासमोर कधी कबूल केलं नाही, आणि तुम्हीही कधी मागितलं नाहीत. मग मला शिकवायला काय अडलं होतं?

हेच मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? दुकान टाकून झालं होतं. टोपलं माळ्यावर गेलं होतं. पण गल्लीतल्या बाया डागाचे कपडे घेऊन तुमच्याकडं येतच होत्या, आणि तुम्ही त्यांच्याकडून काही घेत नव्हतात. मी म्हणायचे, मूठभर पीठ तरी आणा म्हणावं, आपलंच पीठ कशाला? तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. अशात एक दिवस मी दुकानातून लवकर आले तर गयाबाईंची सून तुमच्या शेजारी बसलेली. तिच्या हातात कापड, तिच्या बोटाला तेल, आणि तुमचा हात तिच्या हातावर. मला कधी असा हात मिळाला नव्हता.

ती गेल्यावर मी भांडं आपटलं. "परक्याच्या सुनंला शिकीवता, अन् माजा हात तापट?"

तुम्ही म्हणालात, "ती शिकायला येती. तू भाव करायला येतीस."

"कसला भाव केला मी?"

"ह्योच. येवढ्यात निघंल का, तेवढ्यात निघंल का. डागाशी भाव करतीस तू. त्यो ऐकणारा न्हाई."

मी त्या दिवशी जेवले नाही. तुम्ही माझं ताट झाकून ठेवलंत आणि त्यावर पितळी तांब्या ठेवलात, मांजरानं पाडू नये म्हणून. सकाळी ताट तसंच होतं. दोघींपैकी कुणीच माघार घेतली नाही.

आणि शेवटचं भांडण तर अजून चालूच आहे. बीडला दुकानाचा माल आणायला गेले होते, तिथून एक डाग काढायची बाटली आणली. फवारा मारायचा, पुसायचं, झालं. मोठ्या हौसेनं तुमच्यापुढं ठेवली. म्हटलं, "घ्या. तुमच्या पिठाचे दिवस गेले आता." तुम्ही टोपण उघडून हुंगलंत, तोंड वाकडं केलंत आणि बाटली खिडकीच्या हलणाऱ्या दाराला टेकण म्हणून लावलीत. माझा पारा चढला. मी नाही नाही ते बोलले. तुम्ही एवढंच म्हणालात, "मग लाव की. डाग तुजा, हात तुजा." त्यानंतर आपण दोघी कामापुरतं बोलत होतो. चहा झाला का, पाणी तापलं का. मी ठरवलं होतं, या वेळेस आधी तुम्ही बोलाल. तुम्हीही तेच ठरवलं असणार. मला माहीत आहे, तुमची हटवादी मान मी ओळखते.

आणि मग एका सकाळी तुम्ही चहाला उठला नाहीत.

तुमच्या लेकानं हाका मारल्या. मी हात लावला आणि कळलं. मी रडले नाही, आधी रागावले. म्हटलं, हे बरं आहे, ही कसली माघार. घरात बाया जमल्या, रडारड झाली, आणि मी चुलीतला विस्तव विझवून उशाशी दिवा लावला. मग आष्टीकडं फोन गेला. बाईच्या अंगावर शेवटचं पातळ माहेरचं लागतं, ते आल्याशिवाय उचलायचं नसतं. मामा तर केव्हाच गेलेले. त्यांचा विष्णू पातळ घेऊन मोटरसायकलवर निघाला म्हणून निरोप आला. माझ्या पेटीत तुमच्यासाठी घेतलेली कोरी पातळं होती, पण मी माहेर नाही. तेव्हा सगळे थांबलो.

ऊन चढत गेलं. तिरडी बांधून झाली. अंगणात माणसं, माणसांच्या कपाळावर घाम. कुणी घड्याळ बघतंय, कुणी आभाळ. शेवटी विष्णू आला. आष्टीहून बीडमार्गे एका दमात आलेला, डोळ्यांत धूळ, धुळीत पाणी. "आत्या" म्हणून तुमच्या पायांवर पडला. मी त्याच्या हातातली पिशवी घेतली.

बोटांना सवय, आत्याबाई. कापड हाताला लागलं की ती आपोआप चालतात. सूत चांगलं होतं. फिकं आकाशी, काठ सरळ, दुकानदारानं पोराला फसवलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बरं झालं. मग घडी उलगडली आणि समोर काळंकुट्ट. पंजाएवढा पट्टा, त्यात चेनच्या दातांचे ठसे. पिशवीचा बंद वाटेत तुटला होता, पिशवी लोंबली होती आणि पातळाची कड चेनला लागली होती. पोरानं काही बघितलंच नव्हतं, तो तुमच्याकडं यायच्या घाईत.

मी ओरडले. "भावजी, आत्याला न्यायला आलात, का गॅरेजात?"

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "मला कळलंच न्हाई वो वहिनी. गेवराईला जातो, दुसरं घेऊन येतो."

"आता कुठं जातूस बाबा?" कुणीतरी म्हातारं म्हणालं. "लई टाइम झाला."

गयाबाई पुढं आल्या, कापड चाचपलं. "निऱ्यांत घेऊ की आत. दिसणार न्हाई. आन् दिसलं तरी काय, जळायलाच चाललंय."

ते शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. ज्या बाईच्या अंगणातून परक्याचा सदराही डाग घेऊन कधी बाहेर गेला नाही, ती स्वतः गाडीच्या चेनचं ग्रीस अंगावर घेऊन जाणार?

"झाकायचं न्हाई," मी म्हणाले. "काढायचं."

"काय काढायचं?"

"डाग."

मी घरात गेले. मागून गयाबाई आल्या. मी तेलाची बरणी खाली घेतली, ज्वारीच्या पिठाचा डबा ओढला. त्यांनी माझा हात धरला. "अगं, मढं दारात हाय! चूल विझलेली अन् तू पिठाच्या डब्यात हात घालतीस? याड लागलं का तुला? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, माज्याशी भाव करा."

बाहेर आले तर खरंच भाव सुरू झाला. म्हातारे म्हणाले, तिरडी बांधून झालीय. मी म्हणाले, सोडा आणि परत बांधा. ते म्हणाले, ऊन बघ. मी म्हणाले, आंघोळ अजून घालायचीय, बाया आंघोळ घालतील तोवर मला द्या. ते म्हणाले, आंघोळीला किती वेळ लागतो? मी म्हणाले, माझ्या सासूच्या आंघोळीला लागतो. आयुष्यात एवढ्या अटीतटीचा सौदा मी कधी केला नव्हता, आणि पहिल्यांदा मला वाटलं की हरणार. तेव्हा तुमचा लेक, जो बाजारात पहिला भाव मान्य करतो, तो भिंतीपासून उठला. म्हणाला, "थांबा सगळे. आईला चालंल."

मी धुण्याच्या दगडापाशी बसले. तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर होतात. तुमच्या कोनाड्यातला धोतराचा तुकडा आणून घडी केली, डागाखाली सारली. चमच्याच्या कडेनं वरचं ग्रीस घेतलं. मग बोट तेलात बुडवलं. सगळं अंगण बघत होतं. माझ्या हाताला एकच माहीत आहे, दाबणं आणि रगडणं. बोट डागावर टेकलं तशी मनगटात ती जुनी ताकद उतरायला लागली. मी थांबले. मान वळवून तुमच्याकडं बघितलं. खरं सांगते, तुम्ही मनगट धराल म्हणून थांबले.

मनगट कुणी धरलं नाही. गयाबाईंची सून समोर येऊन गुडघ्यावर बसली आणि तिनं कापड दोन्ही बाजूंनी ताणून धरलं. कानाशी पुटपुटली, "काकू, आता उलट्या बाजूनं." दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिला हाकलून दिली असती. त्या दिवशी कापड उलटं केलं.

टिपत राहिले. धोतरावर काळं उतरलं. घडी बदलली, पुन्हा उतरलं, पुन्हा बदलली. शेजारी आडोसा धरून बाया तुम्हाला आंघोळ घालत होत्या, पाण्याचा आवाज येत होता. काळं यायचं थांबलं तेव्हा पीठ पसरलं आणि हात मांडीवर ठेवले. पीठ तेल पीत होतं आणि मी बसले होते. भिंतीकडं बघत होते. मागं माणसं खाकरत होती. विष्णू हौदाच्या कडेला तोंड झाकून उभा होता. कुणीतरी म्हणालं, "झालं का बाई?" मी भिंतीवरची नजर काढली नाही. मला तुम्हाला सांगायचं होतं की बघा, बसलेय गप, कुणाशी काही बोलत नाही. पण तसं बोलले असते तर गप बसणं मोडलं असतं. म्हणून तेही मनात ठेवलं.

पीठ झटकलं. साबण, गार पाणी, हलकं टिपणं. पाणी निवळ येईपर्यंत. मग टॉवेलात दाबून घेतलं.

गयाबाई वाकल्या. "गेला की गं," म्हणाल्या. "खरंच गेला."

सगळ्यांना गेलेला दिसला. मलाही काळं कुठं दिसलं नाही. पण आत्याबाई, ओल्या कापडात तेल दिसत नाही, हे त्या अंगणात मला एकटीला माहीत होतं. ओलं आहे तोवर सगळं सारखं गडद. सुकलं की मग उरलेलं तेल वर येऊन बसतं, पिवळट, चांदासारखं. तुम्ही म्हणायचात, "वल्लं कापड खोटं बोलतंय. वाळल्यावर इचार त्येला." सुकवायला वेळ नव्हता. तेवढा भाव मला मिळाला नव्हता.

आम्ही बायांनी तुम्हाला ते पातळ नेसवलं. ओला भाग तुमच्या उजव्या गुडघ्यावर आला आणि तिथं चिकटून बसला. मी निऱ्या केल्या, पदर सारखा केला, आणि त्या ओल्या जागेवर एकदा तळहात ठेवला. नुसता ठेवला, चोळला नाही. मग तुम्हाला उचललं.

आपल्या गावात बाया पुढं जात नाहीत. वळणापर्यंत गेले आणि उभी राहिले. ऊन एवढं होतं की नदीपर्यंत पोचता पोचता ते कापड कडकडीत सुकणार. म्हणजे तिथं, चितेवर, सगळ्यांच्या समोर ते खरं बोलणार. आणि मी इथं वळणावर. माझ्या एवढ्या वर्षांच्या भांडणाचा निकाल तिकडं लागणार आणि मला तो बघता येणार नाही. मी मागं धावणार होते, गयाबाईंनी दंड धरून मागं आणलं.

पुरुष परत आले, दारात पायांवर पाणी घेतलं. मी तुमच्या लेकाला बाजूला घेतलं. त्याचे डोळे सुजले होते, मला कळत होतं हे विचारायची वेळ नाही. तरी विचारलं. "उजव्या गुडघ्यापाशी, पातळ वाळल्यावर, पिवळं काई दिसलं का?"

तो म्हणाला, "कशाचं पिवळं?"

"डाग. उरला होता का?"

"कुठला डाग?"

विष्णूला विचारलं. त्याच्यामुळंच तर सगळं झालेलं, त्यानं तरी बघितलं असेल. तो म्हणाला, "वहिनी, मी खाली मान घालून बसलोतो. आत्याकडं बघवत न्हवतं." गल्लीतल्या दोघांतिघांना विचारलं. एक म्हणाला, लाकडं रचल्यावर काय दिसतंय. दुसरा म्हणाला, पातळ आकाशी होतं का, मला पांढरं वाटलं. मी त्याच्या अंगावर ओरडले. तो बिचारा हात जोडून गेला.

आता तुम्हीच सांगा, मी कुणाशी भांडू? गेला म्हणावं तर खात्री नाही, राहिला म्हणावं तर कुणी बघितला नाही. एवढी माणसं तुमच्याबरोबर गेली होती, आत्याबाई. कापड उन्हात धरून बघणारं एकही नव्हतं.